नागपूरकडे बिऱ्हाड हलवण्याआधी

आर्वी, कारंजा, तळेगाव भागातून नागपूरला राहायला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी ही माहिती. आमचे काम सामान पोचवण्याचे. पण घाईत निवडलेल्या वस्तीतून वर्षभरात पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले, तर खर्च दुप्पट होतो आणि पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. म्हणून गाडी ठरवण्याआधी हे वाचा.

आधी कामाची जागा, मग वस्ती. बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी असेल तर घर बुटीबोरीतच पाहा. हिंगणा एमआयडीसीत असेल तर हिंगणा रोड किंवा वाडी. हिंगणा रोडला लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो आहे. सीताबर्डीला गाडी बदलून खापरीपर्यंत जाता येते. बेसा, बेलतरोडीकडे नवे फ्लॅट भरपूर, पण तिथून मेट्रो स्टेशनपर्यंत रोज कसे जाणार, ते आधी ठरवा.

भाड्यात रोजचे जाणे-येणे मिळवा. समजा, एक घर ५,००० रुपयांचे पण कामापासून १८ किलोमीटर, दुसरे ७,००० चे पण कामाला लागून. रोजचे ३६ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ९३६ किलोमीटर. गाडी लिटरला ५० देत असली तरी जवळपास १९ लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपये धरले तरी १,९०० गेले. वाचले काय? वरून रोजचा तास-दीड तास रस्त्यात.

मीटर वेगळे आहे का, ते नक्की विचारा. महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढे एकदम चढतो. दोन-तीन बिऱ्हाडे एकाच मीटरवर असली की उन्हाळ्यात कुलर सुरू होताच सगळ्यांना चढा दर लागतो.

पाण्याचे घरमालकाला विचारू नका, शेजारच्या भाडेकरूला विचारा. मे महिन्यात बोअर आटते का? टँकरचे पैसे कोण देतो? नव्या ले-आउटमध्ये रस्त्यावर मुरूम पडला आहे की नुसती काळी माती, तेही बघा. जुलैत त्या मातीने मडगार्ड भरते आणि चाक फिरतच नाही. पोरांना शाळेत सोडणारी बाई गाडी ढकलत नेते. जमल्यास एक चक्कर पावसात मारा.

करारनामा ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती करून घेणे घरमालकाची जबाबदारी आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांसाठी मुलाचा अर्ज भरताना भाड्याच्या घराचा पत्ता नोंदणीकृत करारावरच धरतात.

प्लॉट घ्यायचा विचार असेल तर निदान वर्षभर भाड्याने राहा, मगच घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वस्त प्लॉटच्या सातबाऱ्यावर पुष्कळदा दहा-बारा नावे असतात. जमीन एन.ए. (बिगरशेती) असल्याचा कागद आणि मंजूर नकाशा हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. घर बाईच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते.

सामानाचे: घर कितव्या मजल्यावर आहे, ते आधी कळवा, हमाली त्यावर ठरते. वर्षाचे गहू-तूर नेणार असाल तर पोती मोजून सांगा. दिवाळीनंतर गाड्या कापसाला लागतात, तेव्हा त्या दिवसांत पंधरा दिवस आधी सांगितले तरच तारीख पक्की देता येईल.