बांबूची कुठली बाजू तासायची?

लाकडी धनुष्याच्या पाठीवर बांबूची कामठी चिकटवायची म्हटलं, की नवख्याचा हात आधी रंध्याकडे जातो आणि रंधा चुकीच्या बाजूवर चालतो. बांबू बाहेरून गोल, पेरापेराला गाठी, सालीवर डाग. सुतारकामाची सवय असलेल्या नजरेला हे बघवत नाही. मग बाहेरची बाजू तासून सपाट होते, घोटून आरशासारखी होते आणि थोडे बाण सोडून झाले की नेमकी तीच बाजू फुटते. असं एक मोडलेलं धनुष्य नुकतंच माझ्या हातात आलं. जोडकाम निर्दोष होतं, चिकटवणीत कुठे फट नव्हती. चूक एवढीच, की बांबूमधलं जे ठेवायचं ते काढलं होतं आणि जे काढायचं ते ठेवलं होतं.

धनुष्याला पाठ आणि पोट असतं. दोरी ओढणाऱ्याकडची बाजू म्हणजे पोट, निशाणाकडची म्हणजे पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं, आणि मधला एक थर ताणलाही जात नाही, दाबलाही जात नाही. या उदासीन थरापासून जितकं दूर जावं तितका ताण वाढतो. १५ मिलिमीटर जाडीची पट्टी ७५ सेंटिमीटर त्रिज्येच्या कंसात वाकवली, तर तिची पाठ साधारण १ टक्क्याने लांबते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मीटरभर पट्टीला हे एक सेंटिमीटर लांब होणं आहे, आणि कोरड्या लाकडाच्या सोसण्याच्या मर्यादेजवळ आपण इथेच पोहोचतो. त्यात फळी कापताना तंतू तिरके छाटले गेले असतील, तर छाटलेल्या टोकापासून एक कुसळ उचकटतं आणि धनुष्य संपतं. पाठीला बांबू लावायचा तो यासाठी.

आता बांबूचा एक आडवा काप घ्या. बारीक दातांच्या करवतीने कापा, कापलेली बाजू धारदार पात्याने साफ करा, पाण्याचा हात फिरवा आणि भिंगातून बघा. फिकट जमिनीवर गडद ठिपके दिसतील. आतल्या पोकळीकडे ते मोठे आणि विरळ. बाहेर सरकत जावं तसे बारीक आणि दाट, आणि सालीच्या लगत तर इतके खेटून, की मधली जमीन जवळपास दिसेनाशी होते. मी हा काप कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी हातातलं काम थांबतं.

प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचा जुडगा आणि त्याला वेढणारे जाड भिंतींचे तंतू. शाळेत मूल ऊती आणि दृढ ऊती शिकलो होतो, ते दोन्ही इथे एका नजरेत दिसतं. ठिपक्यांतले तंतू दृढ ऊतींचे, मधली मऊ जमीन मूल ऊतींची. सगळा ताण सोसतात ते तंतू. जमीन त्यांना फक्त जागेवर धरून ठेवते. बाहेरच्या थरात निम्म्याहून जास्त जागा तंतूंची असते, आतल्या थरात जेमतेम १०-१५ टक्के. म्हणजे बांबूची भिंत बाहेरून आत येताना हळूहळू वेगळाच पदार्थ होत जाते. वाऱ्यात वाकणाऱ्या पोकळ खोडाला सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कडेला बसतो, आणि तंतूही तिथेच दाटलेले. धनुष्याच्या पाठीला हवी असलेली रचना बांबूत आयती तयार असते. आपण ती फक्त बिघडवायची नाही.

आणखी एक गंमत आहे. झाडाचं खोड दर वर्षी नवं वर्तुळ चढवत जाड होतं. बांबू गवताच्या कुळातला. त्याचा कोंब जमिनीतून वर येतो तो पुऱ्या जाडीनेच. पुढची वर्षं तो फक्त पिकतो, तंतूंच्या भिंती जाड आणि कडक होत जातात. म्हणून तीनेक वर्षांचा पिकलेला बांबू घ्यायचा, कोवळा नाही. लाकडात आडव्या जाणाऱ्या पेशींच्या रांगा असतात, बांबूच्या पेरात त्या नसतात. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत सगळे तंतू सरळ उभे.

हाच मुद्दा अर्धवट उचलून ‘बांबू पोलादापेक्षा मजबूत’ असं वाक्य सगळीकडे फिरवलं जातं. सुट्या तंतूंची, लांबीच्या दिशेने, वजनाच्या हिशेबात तुलना केली तर त्यात तथ्य आहे. पण तोच बांबू कोयत्याच्या एका घावाने उभा चिरतो, कारण तंतूंना एकमेकांशी बांधणारी जमीन कमकुवत आहे. दिशा न सांगता बांबूची ताकद सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

म्हणून तासायची ती आतली बाजू, आणि तासायची तीही भरपूर. धनुष्याच्या मध्यावर ३ मिलिमीटरच्या आसपास आणि टोकांकडे दीडपर्यंत जाडी उरेल इतकी. इथे थोडी भूमिती येते. १२ सेंटिमीटर व्यासाच्या बांबूतून ४ सेंटिमीटर रुंद पट्टी काढली, तर बाहेरच्या कंसाची उंची साधारण ३.४ मिलिमीटर भरते. आतली बाजू सपाट करत गेलं, की मध्यावर ३.४ मिलिमीटर उरताना दोन्ही कडा सुरीच्या धारेसारख्या शून्यावर येतात. बांबू ८ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर तीच उंची ५.४ मिलिमीटर होते. पाठीचा उंचवटा जास्त, म्हणजे सगळा ताण मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर. जाड व्यासाचा बांबू शोधायचा तो याच कारणाने. शिवाय कंसाची उंची रुंदीच्या वर्गाप्रमाणे बदलते. टोकाकडे पट्टी २ सेंटिमीटरवर आली की १२ सेंटिमीटरच्या बांबूत कंस फक्त ०.८ मिलिमीटरचा उरतो. त्यामुळे टोकांकडची पट्टी पातळ करूनही बाहेरच्या गोलाईला हात लावावा लागत नाही.

जाडी वाढवली तर धनुष्य जास्त भक्कम होईल, हा समज मात्र सोडायला हवा. बांबू ताठ आहे. तो जाड ठेवला तर उदासीन थर पाठीकडे सरकतो, पोट त्या थरापासून दूर पडतं आणि जास्त चेपलं जातं. पोटावर केसासारख्या आडव्या सुरकुत्या उमटतात, धनुष्य कायमचं बाक धरतं. पाठ शाबूत आणि पोट मेलेलं! म्हणून पोटाला दाब सोसणारं लाकूड लागतं, इपे किंवा ओसेज ऑरेंजसारखं.

गाठींवर तंतूंचा सरळपणा मोडतो. तिथे ते वळतात, एकमेकांत गुंततात, काही आतल्या पडद्यात शिरतात. ताण सोसण्यात गाठ पेरापेक्षा कमजोर असते. गाठीचा पडदा आतून पूर्ण काढायचा, पण बाहेरचा उंचवटा कानशीने फक्त बोथट करायचा. तो सपाट केला की वळणावरचे तंतू छाटले गेले.

चिकटवणीबद्दल थोडक्यात. आतली बाजू काचेवर ठेवून मागून उजेड धरायचा, फटीतून प्रकाश आला तर अजून काम बाकी आहे. शेवटचे हात जाड्या पॉलिश पेपरचे मारायचे, तेलकट लाकूड असेल तर ते ॲसिटोनने पुसून घ्यायचं आणि पुन्हा बोटं लावायची नाहीत. इपॉक्सी लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळलं की दाब सगळीकडे सारखा बसतो.

आता पाठीचं शेवटचं काम. सालीचा सर्वांत वरचा थर मेणचट असतो, त्यात सिलिका असते. त्यावर व्हार्निश धरत नाही. स्क्रेपर जवळजवळ उभा धरून तो खरवडायचा. आधी पिठासारखी भुकटी निघते, पिवळटपणा जातो आणि खालून बारीक उभ्या रेघा दिसू लागतात. या रेघा म्हणजेच तंतू, आणि इथेच थांबायचं. गाठ ते गाठ रेघ अखंड जायला हवी. मधेच होडीच्या आकारात ती संपली, तर तिथे तंतू कापला गेला आहे.

पॉलिश पेपर लांबीच्या दिशेनेच चालवायचा. १९१३ मध्ये इंग्लिस या अभियंत्याने पत्र्यातल्या लंबवर्तुळाकार भोकाचं गणित मांडलं. भोक गोल असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. तेच भोक ताणाला आडवं, रुंदीच्या १० पट लांब असेल, तर टोकाशी २१ पट. बांबू पत्र्यासारखा एकजिनसी नसल्यामुळे आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, पण आडवा ओरखडा उभ्यापेक्षा घातक का, ते यातून कळतं. कडांचे कोपरेही याच कारणासाठी गोल करायचे.

त्यानंतर व्हार्निशचे दोन-तीन पातळ हात. त्याने हवेतल्या ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबत नाही, म्हणून पोट, पाठ आणि कडा सगळीकडे सारखेच हात हवेत. पहिल्या काही दिवसांत बाण सोडून झाले की धनुष्य तिरप्या उजेडात धरून प्रत्येक गाठीवरून बोट फिरवा. एखादा तंतू उठलेला लागला तर त्याखाली पातळ गोंद सोडा, वरून दोऱ्याचे घट्ट वेढे द्या आणि मगच पुन्हा दोरी चढवा.