विनापरवाना रेडिओ केंद्र : भारतातील शिक्षा

सरकारी परवान्याशिवाय ट्रान्समीटर बसवून चालवलेले प्रक्षेपण केंद्र. भारतात असे केंद्र उभारणे वा चालवणे हाच गुन्हा. केंद्रावरून भजने लागली की भाषणे झाली, याने फरक पडत नाही.

१८८५च्या तार कायद्याच्या कलम २० नुसार असे बिनतारी केंद्र उभारणाऱ्यास वा चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकत असे. गुन्हा मात्र जामीनपात्र होता. १९३३च्या बिनतारी कायद्याने याही पुढे जाऊन ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगणे गुन्हा ठरवले : ३ वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यंत्र ज्याच्या ताब्यातल्या जागेत सापडेल, ते त्याच्याकडेच होते असे न्यायालय गृहीत धरू शकते. मित्राचा ट्रान्समीटर आपल्या माळ्यावर ठेवून घेणारा इथेच अडकतो. दोषी ठरल्यावर यंत्रसामग्री जप्त होऊ शकते.

हजाराचा दंड हास्यास्पद झाला होता. २०२३च्या दूरसंचार कायद्यातील कलम ४२ ने अनधिकृत दूरसंचार जाळे उभारण्याबद्दल कैद ३ वर्षांपर्यंतच ठेवली, पण दंड २ कोटी रुपयांपर्यंत केला आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र केला. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. कायद्याची कलमे टप्प्याटप्प्याने अमलात आणली गेली, त्यामुळे कृत्य कोणत्या तारखेचे हे आधी पाहावे लागते.

एवढा कडकपणा कशासाठी, हे रेडिओ लहरींच्या वर्णपटात, म्हणजे वारंवारतांच्या वाटपात, दिसते. एफएम पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झचा. १०८ला लागूनच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा आणि ११८पासून वैमानिकांचे संभाषण. घरगुती ट्रान्समीटरमध्ये वारंवारता स्थिर ठेवणारा स्फटिक बहुधा नसतो, म्हणून यंत्र तापले की वारंवारता सरकते. नको त्या लहरी अडवणारी गाळणी (फिल्टर) नसेल तर दुप्पट-तिप्पट वारंवारतेवरही लहरी जातात. ज्याने यंत्र जोडले त्याला यातले काही ऐकू येत नाही; त्याच्या रेडिओवर गाणे स्वच्छच वाजते. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर येथे दुकानातून, बांबूवर अँटेना बांधून चाललेले लोकप्रिय गावठी एफएम केंद्र २००६ मध्ये बंद करण्यात आले.

१९४२च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईत जागा बदलत चालवलेले गुप्त काँग्रेस रेडिओ १२ नोव्हेंबरच्या छाप्यात पकडले गेले. उषा मेहता यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. तो अर्थात राजद्रोही प्रक्षेपणाचा खटला होता, लहरींच्या गोंधळाचा नव्हे.

‘हॅम’ म्हणजे हौशी रेडिओचा परवाना असलेल्यालाही करमणुकीचे प्रक्षेपण करता येत नाही. सामुदायिक रेडिओचा परवाना व्यक्तीला मिळत नाही. तो शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांसाठी आहे. म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ अशीच रीतसर चालते. केवळ इंटरनेटवरच्या रेडिओला वारंवारतेचा परवाना लागत नाही, गाण्यांचे हक्क मात्र घ्यावे लागतात.