हातची मॅच जाते कुठे?

कोल्हापुरात एखादा संघ शेवटी ढेपाळला की निदान ठरलेलं: पोरांचा दम कमी पडला. तालमींचं गाव, त्यामुळे उपायही ठरलेला. पहाटे उठवा, पळवा, जोर-बैठका मारायला लावा. तरुण हॉकी संघ आघाडी घेतात आणि शेवटच्या पाच-सात मिनिटांत ती घालवून बसतात, हे मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमवर नेमानं मॅच बघणाऱ्यांच्या अंगवळणी पडलंय. दमाचं कारण खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजायला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हा खेळ कसा बदलला ते बघावं लागतं.

भारताचा मुख्य संघही यातून सुटलेला नाही. सिडनी ऑलिंपिक, 2000: पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी. आपण 1-0 पुढे होतो आणि दोन मिनिटंही उरली नसताना बरोबरी झाली. 2014 च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध 2-1 अशी आघाडी होती, अगदी शेवटच्या मिनिटाला 2-3 अशी हार. 2018 च्या आशियाई स्पर्धेत उपांत्य सामन्यात मलेशियानं शेवटी शेवटी 2-2 केलं आणि शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर गोलकीपरशी एकास एक) हरवलं. 2023 ला भुवनेश्वरात न्यूझीलंडविरुद्ध 3-1 चं 3-3 झालं, पुन्हा शूटआउट, पुन्हा बाहेर. यातल्या कुणाचाही दम कोल्हापूरच्या शाळकरी पोरांपेक्षा कमी नव्हता.

झालं काय, तर नियम एकेक करून पिछाडीवरच्या संघाच्या बाजूनं झुकत गेले. 1992 ला कितीही वेळा खेळाडू बदलायची मुभा आली. 1998 ला ऑफसाइड (बचावफळीच्या पुढे जाऊन पासची वाट बघायला बंदी) कायमचा गेला, म्हणजे समोरचा फॉरवर्ड थेट आपल्या डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) तळ ठोकू शकतो. 2009 च्या सुमारास फ्री हिट (फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका) दुसऱ्याला पास न देता स्वतःच पुढे नेता येऊ लागली, त्यामुळे फाउल झाल्यावर बचावफळीला मिळणारी उसंत संपली. 2014 ला आंतरराष्ट्रीय सामने 35-35 मिनिटांच्या दोन हाफऐवजी 15-15 च्या चार क्वार्टरमध्ये आले. चौथ्या क्वार्टरआधी पिछाडीवरचा संघ पाणी पितो, कोचचं ऐकतो आणि ताज्या पायांनी मैदानात येतो. शेवटी तर गोलकीपर बाहेर काढून अकरावा खेळाडू चढाईला लावतो.

आता आपल्याकडचं चित्र. बेंचवर चार-पाच जण बसलेले असतात, पण मॅच अटीतटीची झाली की कोचचा भरवसा तेवढ्याच अकरांवर. बरा सेंटर हाफ असला तर त्याला एक मिनिटही बाहेर काढत नाहीत. का, तर "तो गेला की मॅच गेली." तो मैदानात असतानाच मॅच जाते, हे वेगळं.

माझ्या मते खरी गोम मातीत आहे. कोल्हापुरात टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) फार उशिरा आली. कोचिंग करणाऱ्या बहुतेकांचा खेळ मातीवर घडला. मातीवर आघाडी राखायची तर बॉल लांब मारायचा. तो खडबडीत जमिनीवर अडखळत जाई, मरे, समोरच्याला तो पुन्हा आणायला वेळ लागे. अर्धं मिनिट सहज निघायचं. टर्फवर तोच फटका सरळ समोरच्या फुल बॅकच्या स्टिकवर जातो आणि काही सेकंदांत परत तुमच्या डीवर. तरी कडेनं आरोळी तीच: "मार लांब! वेळ काढ!"

शेवटची तीन मिनिटं जवळून बघा. फुल बॅक कंबरेत वाकायचा थांबलेला असतो, स्टिक जमिनीपासून वीतभर वर. समोरून दाबून पास येतो, स्टिक खाली यायच्या आत बॉल बुटाला लागतो. डीमध्ये पाय म्हणजे पेनल्टी कॉर्नर: समोरचा संघ गोलरेषेवरून बॉल बाहेर देतो आणि थेट गोलवर फटका मारतो. गोलकीपर धरून पाचच जण बचावाला, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. हूटर वाजला तरी तो कॉर्नर पुरा होतोच. किंवा दमलेला पोरगा मागून स्टिक घालतो आणि ग्रीन कार्ड घेतो; तीनपैकी दोन मिनिटं संघ दहांवर.

टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदकाच्या मॅचमध्ये हीच वेळ आली होती. 5-4 ची आघाडी, सहा सेकंद बाकी आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. गोलकीपर श्रीजेशनं अडवला म्हणून पदक. पण प्रत्येक शाळेच्या गोलमध्ये श्रीजेश कुठून आणायचा?

आघाडी राखणारे संघ बॉल मारून देत नाहीत, ठेवून घेतात: समोरच्याच्या कोपऱ्यात, साइडलाइनला चिकटून, छोट्या पासांत, फाउल काढत. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते घोटून घ्यावं लागतं. आपल्याकडे सरावाच्या शेवटी अंधार पडेपर्यंत आपसात मॅच होते, ती रोज शून्य-शून्यपासून. 2-1 आणि पाच मिनिटं बाकी, अशी सुरुवात करून खेळवणारा कोच क्वचितच दिसतो.