जीव पात्रात गुंतलाय की खेळाडूत?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमचे, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका करत गोष्ट रचण्याच्या खेळाचे, शो बघणाऱ्यांविषयी बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची सतत सरमिसळ होते: पात्रात जीव गुंतणं आणि खेळाडूत जीव गुंतणं.

पहिली कादंबरी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरीला पॅरासोशल नातं म्हणतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ साली रेडिओ-टीव्हीच्या संदर्भात ही कल्पना मांडली: आपल्याला तो माणूस जवळचा वाटतो, त्याला आपण माहीतही नसतो. याला सरसकट आजार म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एकट्या माणसाला आठवड्यातले तीन-चार तास मिळणारी ती सोबत खरा आधार असू शकते.

घोटाळा होतो तो पुढे. मालिकेत पात्र मेलं तर लेखकावर चिडता येतं. इथे तसा लेखकच नाही. एकच माणूस पात्राच्या आवाजात धमकी देतो आणि लगेच स्वतःच्या आवाजात विचारतो, ‘माझे हिट पॉइंट किती उरले?’ (म्हणजे पात्रात जीव किती शिल्लक आहे). निर्णय त्याचा, बाकी फाशांवर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत शून्य हिट पॉइंटवर कोसळलेल्या पात्रासाठी दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतात, तीन यशांच्या आधी तीन अपयशं आली की त्या पात्राचा खेळ खलास. बेशुद्ध असताना घाव बसला तर अपयशं आणखी झपाट्याने वाढतात. ‘क्रिटिकल रोल’ या शोच्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये (अनेक भाग चालणाऱ्या कथेत) २०१८ साली मॉलीमॉक हे पात्र मेलं, तेव्हा प्रेक्षकांना झालेलं दुःख खरंच होतं. पण अशा वेळी राग काढायला समोर दिसतात ते फक्त खेळाडू आणि गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा.

म्हणून कमेंट टाकण्याआधी मनातलं वाक्य पूर्ण लिहा आणि कर्ता बघा. कर्ता पात्र असेल तर खुशाल वाद घाला. कर्ता खेळाडू असेल आणि मुद्दा नियमाचा असेल, उदाहरणार्थ ‘ती कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह (मंत्र टिकवण्यासाठी टाकायचा फासा) विसरली’, तर तो खेळाबद्दल आहे. एकदा सांगून सोडून द्या. ‘तिला आमची किंमतच नाही’ असं वाक्य निघालं तर ते पुसा. बरेच शो आधीच रेकॉर्ड केलेले असतात, त्यामुळे तुमचा सल्ला त्या टेबलापर्यंत वेळेत पोचणारच नसतो.

आणि कृपा करून आपल्या मित्राला, तो गेम मास्टर झाला म्हणून, त्या शोमधल्या माणसाच्या मापाने मोजू नका. ‘क्रिटिकल रोल’चे मूळ खेळाडू पेशाने आवाज-कलाकार आहेत; आवाज बदलणं हे त्यांचं रोजचं काम आहे.