33 पैकी 33

13 ऑक्टोबर 2010. आपल्याकडे सकाळचे पावणेनऊ होत आले होते. चिलीत मध्यरात्र उलटून अकरा मिनिटं झाली होती. अटाकामाच्या वाळवंटात, कोपियापो शहराजवळच्या सान होसे खाणीवर, जमिनीतल्या एका भोकातून पोलादी पिंजरा वर आला. रुंदी जेमतेम 54 सेंटिमीटर. त्याचं दार उघडलं, खाली अडकलेल्या खाणकामगारांपैकी पहिला बाहेर आला आणि समोर उभा असलेला त्याचा लहानगा मुलगा हमसून रडायला लागला. पुढचे जवळजवळ 22 तास तो पिंजरा खाली जात राहिला, वर येत राहिला. सगळ्यांत शेवटी पाळीचा प्रमुख वर आला, तेहेतिसावा. जगभरात शंभर कोटींच्या आसपास माणसांनी हे पाहिलं असावं, असा तेव्हाचा अंदाज होता.

त्यातल्या बहुतेकांना कोपियापो नकाशावर दाखवता आलं नसतं. मग अनोळखी देशातल्या अनोळखी माणसांसाठी एवढ्या जणांचा जीव का टांगणीला लागला? ‘माणुसकी’ हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. कारण खाणीत माणसं दरवर्षी मरतात आणि त्या बातम्यांवरून आपण पान उलटून पुढे जातो.

5 ऑगस्टला सुमारे सात लाख टन वजनाचा खडक खाणीतल्या वाटेवर बसला, तेव्हा आत असलेली माणसं जिवंत आहेत की नाहीत हेच कुणाला माहीत नव्हतं. खालच्या आसऱ्यात दोन दिवसांपुरतं खाणं होतं. त्यांनी ते पुरवून पुरवून खाल्लं: दर 48 तासांनी दोन चमचे ट्यूना मासा, अर्धा पेला दूध, अर्धं बिस्किट. वर नातेवाइकांनी तंबू ठोकले आणि त्या वस्तीला नाव दिलं ‘एस्पेरान्सा’, म्हणजे आशा. सतराव्या दिवशी, 22 ऑगस्टला, शोध घेणारं एक ड्रिल 688 मीटरवर पोकळीत शिरलं. ते वर ओढलं तेव्हा टोकाला चिठ्ठी बांधलेली होती, लाल अक्षरांतली: ‘आसऱ्यात आम्ही 33 जण ठीक आहोत.’

त्या दिवशी राजधानी सान्तियागोत लोक रस्त्यावर उतरले, गाड्यांचे भोंगे वाजत राहिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत 8.8 तीव्रतेच्या भूकंपाने चिलीत पाचशेहून अधिक बळी घेतले होते. त्या देशाला चांगल्या बातमीची किती आस लागली असेल, याची कल्पना करता येते.

माझ्या मते जगाचं लक्ष खिळलं ते या चिठ्ठीमुळे. आणि यामागे काय घडतं, त्याचा अभ्यास बराच आधी सुरू झालेला होता. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी 1968 साली एक साधं उदाहरण दिलं. सहा वर्षांच्या एका मुलीला शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत म्हटलं, की टपाल कचेरीत नाण्यांचा ढीग लागेल. पण कर वाढवला नाही तर रुग्णालयांची अवस्था बिघडेल आणि टाळता येण्याजोगे काही मृत्यू वाढतील, असं म्हटलं, तर कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही.

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हेच आकड्यांत दिसलं. सहभागी लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हटलं. माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीची माहिती वाचलेल्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे वाचलेल्यांनी 1.14. आणि मुलीच्या माहितीसोबत आकडेही दिले, तेव्हा दान वाढलं नाही, 1.43 वर उतरलं. आकड्याने कळवळा पातळ केला.

पण 33 हाही आकडाच की! इथे कॅरन जेनी आणि लोवेनस्टाईन यांचं 1997 चं काम कामी येतं. ओळख पटलेल्या माणसाबद्दल जास्त का वाटतं, याची वेगवेगळी कारणं त्यांनी तपासली. तपशिलांचा जिवंतपणा, धोक्याची खात्री वगैरेंपेक्षा एक गोष्ट ठळक निघाली: संकटातल्या गटापैकी किती हिस्सा वाचणार. देशातल्या हजारो खाणकामगारांपैकी 33 हा छोटा अंश आहे. बंद खडकाखाली मात्र गट 33 चाच होता, आणि वाचवायचे होते सगळेच्या सगळे. असा हिशेब मनाला पूर्ण होताना दिसतो. म्हणून प्रत्येक फेरीला लोक मोजत होते.

2018 सालचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. जुलैत थायलंडच्या गुहेत अडकलेली 12 मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक आपल्या घराघरांत माहीत झाले होते. पाणी उपसायला मदत म्हणून आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे गेले होते. त्याच वर्षी 13 डिसेंबरला मेघालयातल्या क्सान इथे कोळशाच्या खाणीत नदीचं पाणी घुसलं आणि किमान 15 मजूर आत अडकले. त्यातला एकही जिवंत बाहेर आला नाही. तो बेकायदा उंदीरबिळांसारख्या बोगद्यांचा धंदा होता. खालून चिठ्ठी आली नाही, आवाज आला नाही. त्यांच्यासाठी रात्र जागवलेलं घर मला आठवत नाही, आणि त्यात माझंही घर आलं, हे मला आजही लागतं. पुढे 2023 मध्ये उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यातून 41 कामगार सतराव्या दिवशी बाहेर आले, तेव्हा यंत्र तुटल्यावर शेवटचे मीटर हातांनी खोदणारी माणसं अशाच उंदीरबिळांच्या पद्धतीने खोदकाम करणारी होती. देशाने त्यांना डोक्यावर घेतलं.

सान होसेच्या सुटकेसाठी सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचा अंदाज आहे. खाण कोसळली त्याच दिवसांत अडकलेल्यांनी हवा खेळवण्याच्या उभ्या विवरातून वर चढायचा प्रयत्न केला होता. सुरक्षेच्या नियमांप्रमाणे तिथे शिड्या असायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. नंतर खडक पुन्हा सरकला आणि ती वाटही बंद झाली. 2013 मध्ये सरकारी वकिलांनी तपास बंद केला. गुन्हेगारी आरोप कुणावरच ठेवले गेले नाहीत. त्या शिड्या बसवायला हव्या होत्या तेव्हा, ऑगस्ट 2010 च्या आधी, सान होसेकडे कुठलाही कॅमेरा वळलेला नव्हता.