सेकंडरीतले छोटे प्रश्न आले कुठून?

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरात मूल ‘प्रीमेड’ असेल, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाच्या तयारीत असेल, तर जुलै महिना कसा जातो ते त्या घराला विचारावं. मे-जूनमध्ये ‘ॲमकास’ या केंद्रीय सेवेकडे मोठा अर्ज गेलेला असतो. त्यात मार्क, ‘एमकॅट’ या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, जास्तीत जास्त १५ कामांची नोंद आणि ५३०० कॅरॅक्टरांत बसवलेलं पर्सनल स्टेटमेंट. ही झाली प्रायमरी. आता जरा हुश्श करावं, तोवर एकेका कॉलेजचे ईमेल येऊ लागतात. आमचा वेगळा फॉर्म भरा, वेगळी फी भरा आणि या तीन-चार प्रश्नांची दोन-तीनशे शब्दांत उत्तरं द्या. ही सेकंडरी. सरासरी उमेदवार सतरा-अठरा कॉलेजांना अर्ज करतो, म्हणजे छोट्या निबंधांचा आकडा पन्नास-साठवर सहज जातो. त्यातही मेल आल्यापासून दोन आठवड्यांत उत्तर गेलेलं बरं, असा एक अलिखित संकेत आहेच.

बारावीचे पीसीबीचे मार्क, मग सीईटी, आता नीट, अशा रांगेतून आलेल्या आईबाबांना हा प्रकारच कळत नाही. ७२० पैकी किती, एवढंच विचारणाऱ्या व्यवस्थेत ‘आमचंच कॉलेज का?’ असं कुणी कुणाला विचारलेलं नसतं. तेव्हा हे अमेरिकन फॅड म्हणून सोडून दिलं जातं. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे डॉक्टर कुणी व्हावं यावरचं एकेक जुनं भांडण आहे, आणि त्यातली काही भांडणं ऐकायला बरी वाटणारी नाहीत.

सुरुवात आपल्याकडच्याच एका पत्राने करता येते. २८ जून १८८३. कल्याणच्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरून महिनाही झाला नव्हता. वय १८. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या राहत होत्या आणि तिथून त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. कॉलेजच्या प्रवेशाच्या अटींत नीट बसेल असं रीतसर शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी लिहिलं ते असं की, आप्तमित्र आणि जात यांचा एकवटलेला विरोध असताना ज्या निर्धाराने मी इथवर आले, तोच माझ्या बाजूने बोलेल. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे. आजच्या सेकंडरीत जे तीन प्रश्न हमखास येतात (अडचणींना कसं तोंड दिलंत, डॉक्टरच का, कुणाची सेवा करणार), त्या तिन्हींची उत्तरं न विचारताच या पत्रात आहेत. त्यांना प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या.

अर्थात ते पत्र अपवादच होतं. त्या काळातली बरीचशी अमेरिकन मेडिकल कॉलेजं म्हणजे डॉक्टरांनी मिळून काढलेली खाजगी दुकानं होती. फी भरली की प्रवेश. निबंध कशाला मागतील? हे चित्र पालटलं १८९३ नंतर. त्या वर्षी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं आणि त्याने प्रवेशासाठी आधीची पदवीच अनिवार्य केली. या कडक अटी मेरी गॅरेट या देणगीदार बाईंनी पैशांबरोबर घातल्या होत्या. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश, ही त्यांतलीच एक. तिथले नामांकित प्राध्यापक विल्यम ऑस्लर सहकाऱ्याला गमतीने म्हणाले होते की बरं झालं आपण प्राध्यापक म्हणून आलो, विद्यार्थी म्हणून आपल्याला कुणी आत घेतलं नसतं. मग १९१० मध्ये वैद्यकीय शिक्षणावरचा अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला. अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ कॉलेजांचं त्यात वाभाडं काढलेलं होतं. पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास कॉलेजं बंद पडली किंवा एकमेकांत विलीन झाली. दर्जा वाढला हे खरंच. पण कृष्णवर्णीयांसाठीच्या सात कॉलेजांपैकी पाच गेली आणि हॉवर्ड व मेहॅरी ही दोनच उरली, हेही त्याच हिशोबात धरायला हवं.

जागा कमी झाल्या, मागणी वाढली आणि निवड करणं भाग पडलं. १९२० च्या दशकात काही कॉलेजांत निम्मे विद्यार्थी मध्येच गळत होते, म्हणून १९२८ मध्ये एक अभिक्षमता चाचणी सुरू झाली. आजच्या एमकॅटची ती पूर्वज. चाचणी आली म्हणजे वशिला संपला असं कुणाला वाटेल. झालं उलटंच. परीक्षेत आणि मार्कांत ज्यू स्थलांतरितांची मुलं पुढे होती, आणि ती ‘फार’ होताहेत असं पूर्वेकडच्या नामवंत कॉलेजांना वाटू लागलं. मग फॉर्मवर धर्म, वडिलांचं जन्मस्थान, आईचं माहेरचं आडनाव हे रकाने आले, फोटो आला, मुलाखत आली, आणि ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ हे निवडीचे निकष झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात १९२० च्या सुमारास जवळपास निम्मे असलेले ज्यू विद्यार्थी १९४० पर्यंत दहा टक्क्यांच्याही खाली आले. कागदावर कोटा कुठेच नव्हता.

उमेदवाराचा ‘सर्वांगीण’ विचार करावा या कल्पनेचा उगम असा काळवंडलेला आहे. ही कल्पना आज वेगळ्या, चांगल्या हेतूने वापरली जाते हे मान्य; पण मार्कांपलीकडचं काहीतरी विचारण्याची पहिली गरज कुणाला आत घ्यायचं यापेक्षा कुणाला बाहेर ठेवायचं यातून निर्माण झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर भेदभावविरोधी कायदे आले (न्यूयॉर्क राज्याचा १९४८ चा), धर्माचे रकाने गेले. ‘स्वतःबद्दल लिहा’ हा भाग मात्र राहिला.

१९७० च्या आसपासपर्यंत प्रत्येक कॉलेजचा स्वतःचा फॉर्म होता. टाइपरायटरवर तीच माहिती दहादा बडवायची. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसने ॲमकास सुरू केल्यावर एकच अर्ज सगळीकडे जाऊ लागला. सोय विद्यार्थ्यांची झाली आणि पूर आला कॉलेजांकडे. १९७४ मध्ये सुमारे पंधरा हजार जागांसाठी ४२ हजारांवर उमेदवार होते. शिवाय सगळ्यांचं पर्सनल स्टेटमेंट सगळ्या कॉलेजांना सारखंच! याला खरंच आपल्याकडे यायचंय की यादीत आणखी एक नाव टाकलंय, हे कॉलेजला कळणार कसं? केंद्रीकरणाने पुढच्या दाराने घालवलेला कॉलेजचा स्वतःचा फॉर्म सेकंडरी होऊन मागच्या दाराने परत आला. ‘आमचंच कॉलेज का?’ हा प्रश्न या काळाचं अपत्य आहे. त्यातला आदर्शवाद कमी आणि गाळणी जास्त, असं माझं मत. सेकंडरीची फी ही आणखी एक गाळणी, आणि ती कुणाला गाळते हे सांगायला नको.

‘तुमच्यामुळे आमच्या वर्गाच्या वैविध्यात काय भर पडेल?’ या प्रश्नाचा जन्म मात्र थेट न्यायालयातला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल स्कूलमध्ये १०० जागा होत्या, त्यातल्या १६ अल्पसंख्याकांसाठीच्या खास योजनेत. ॲलन बाकी या गोऱ्या उमेदवाराला १९७३ आणि १९७४ अशी दोनदा नकाराची पत्रं आली आणि तो कोर्टात गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या, ॲलन बाकीला प्रवेश द्यायला लावला. पण न्यायमूर्ती पॉवेल यांनी आपल्या निकालपत्रात एक वाट उघडी ठेवली: वर्गात वैविध्य असावं हा शिक्षणसंस्थेचा रास्त हेतू आहे आणि त्यासाठी वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहता येईल. आपल्याकडे आरक्षणाचा वाद टक्क्यांत आणि प्रवर्गांत चालतो; तिथे तो असा निबंधात शिरला. २००३ मध्ये मिशिगनच्या लॉ स्कूलच्या खटल्यात न्यायालयाने ही वाट कायम ठेवली, आणि २००७ पासून कॉलेजांच्या संघटनेने ‘होलिस्टिक रिव्ह्यू’ (सर्वांगीण मूल्यमापन) म्हणून ती पद्धतशीर बांधून दिली.

डेव्हिसची गोष्ट तिथे संपत नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सरकारी विद्यापीठांत वंशाचा विचार करायलाच बंदी घातली. पुढे त्याच मेडिकल स्कूलने घरचं उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण, वाढलेला परिसर अशा गोष्टींवरून प्रतिकूलतेचे गुण देणारी मोजपट्टी तयार केली.

इथेच आपल्या मुलांची पंचाईत होते. आईबाबा दोघं आयटीत, एडिसनमध्ये स्वतःचं घर, शनिवारी मराठी शाळा. ‘प्रतिकूल परिस्थिती’ आणायची कुठून? मग कुणी आजोबांचा दुष्काळ स्वतःच्या नावावर लिहितं, तर कुणी डब्यातल्या पोहेभाजीला वर्गात हसले होते त्याची शोकांतिका करतं. वाचणाऱ्यांना ते लगेच कळत असावं. हा प्रश्न कुणासाठी आणि कशातून तयार झाला हे माहीत असेल, तर तो ऐच्छिक असताना कोरा सोडायचं धैर्य तरी येईल.

एका उत्तराला दुसऱ्यापेक्षा जास्त गुण द्यायचे कशावरून, हा प्रश्न सगळ्यात गंभीरपणे घेतला तो कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने. तिथे अर्जासोबत आत्मचरित्रपर छोटी उत्तरं मागत. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या संशोधकांनी आपलीच पद्धत तपासायला घेतली. तोवर एक परीक्षक एका उमेदवाराची सगळी उत्तरं एकापाठोपाठ वाचायचा. पहिलं उत्तर आवडलं की पुढची सगळी बरी वाटतात, पहिलं खटकलं की सगळीच पडतात. मग त्यांनी आडवं वाचन करून पाहिलं: एका परीक्षकाने एकच प्रश्न घ्यायचा आणि सगळ्या उमेदवारांची त्याच प्रश्नाची उत्तरं वाचायची. बोर्डाचे पेपर तपासणाऱ्या आपल्या शिक्षकांनाही ही गोम ओळखीची वाटेल. गुणांचा भरवसा त्याने वाढला. पण घरी बसून लिहिलेलं उत्तर उमेदवाराचंच की शेजारच्या डॉक्टरकाकांचं, ही शंका उरलीच. अखेर मॅकमास्टरमध्ये या उत्तरांची जागा ‘कॅस्पर’ने घेतली: स्क्रीनवर एखादा पेचप्रसंग दाखवायचा आणि घड्याळ लावून उत्तर मागायचं. आज अमेरिकेतलीही कित्येक कॉलेजं सेकंडरीबरोबर कॅस्पर मागतात. खुद्द एमकॅटमध्ये १९९१ पासून दोन निबंध लिहावे लागत. ते २०१३ मध्ये काढून टाकले आणि त्यांच्यासाठी फारसं कुणी हळहळलं नाही.

२०२० मध्ये दोन नवे प्रश्न आले. कोविडचा तुमच्यावर काय परिणाम झाला, हा एक. आणि पोलिसाने केलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वर्णभेदाबद्दलचा दुसरा. पुढच्याच हंगामात अर्जदारांची संख्या ६२ हजारांवर गेली.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात वंशाधारित प्रवेशच घटनाबाह्य ठरवले. ॲलन बाकीच्या खटल्याने उघडी ठेवलेली वाट बंद झाली, पण पूर्ण नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने सांगितलं, तर विद्यापीठाने ते विचारात घ्यायला बंदी नाही. मात्र निबंधाच्या आडून जुनीच पद्धत चालवता येणार नाही. तारीख पाहा: जून संपत आलेला, त्या वर्षीच्या सेकंडरी सुटायच्या बेतात. पुढच्या काळात कित्येक कॉलेजांनी प्रश्नाचे शब्द बदलले. ‘वैविध्य’ मागे पडलं, ‘जगलेले अनुभव’ आणि ‘तुमचा समुदाय’ पुढे आले.

त्याच्या आदल्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलेलं होतं. ॲमकासचा अर्ज सादर करताना आता एक कबुली द्यावी लागते: विचार सुचवायला, तपासायला, सुधारायला मार्गदर्शक, मित्र, सल्लागार किंवा एआयची मदत घेतली असली, तरी अंतिम लेखन माझंच आहे. मित्र आणि एआय एकाच वाक्यात, एकाच टिकमार्कखाली.