लघु प्रवाळ मत्स्यालय, ग्रामीण विदर्भातील

समुद्री प्रवाळ, त्यांच्या आधाराने राहणारे छोटे मासे, गोगलगायी, कोळंबी आणि खडकावर वाढणारे सूक्ष्मजीव यांना साधारण ६० ते १५० लिटर खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे जगवण्यासाठी केलेली काचेची टाकी म्हणजे लघु प्रवाळ मत्स्यालय. छंदिष्टांच्या बोलण्यात ती ‘रीफ टँक’ असते. टाकी जितकी लहान तितकी ती सांभाळायला अवघड, कारण थोड्या पाण्यात उष्णता, क्षार आणि घाण या तिन्हींचे प्रमाण झपाट्याने बदलते. या नोंदीतील आकडे ७५ × ४० × ४० सेंमी. टाकीसाठी आहेत. खडक-वाळू वजा जाता तिच्यात सुमारे १०० लिटर पाणी राहते.

घरगुती प्रवाळपालनाचा पाया १९६० च्या दशकाच्या आरंभी जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी घातला. जिवाणूंनी भरलेला समुद्री खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगतात, हे त्यांनी दाखवले. समुद्र त्यांच्या हाताशी होता. पुढे ‘बर्लिन पद्धती’त खडकाला फेस काढणाऱ्या स्किमरची जोड मिळाली आणि किनाऱ्यापासून दूरच्या घरांतही हे जमू लागले. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या (१९५१) दारात समुद्र होता. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्गच ७०१ किमी. लांबीचा आहे. तरीही विदर्भात या छंदाची खरी अडचण समुद्राचे अंतर ही नाही. समुद्राचे मीठ पोत्यात मिळते. अडचण आहे ती गोड पाण्याची, विजेची आणि हवेतील दमटपणाच्या चढउताराची.

खारे पाणी : पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचे पाणी चुळीलाही खारट लागते, आणि ‘मग मीठ विकत कशाला?’ हा प्रश्न तिथे हमखास येतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात : क्लोराइड १९.३, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास. खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यात क्षार याच्या मानाने फारच थोडे, आणि त्यांचे परस्पर प्रमाणही निराळे. लोणारचे पाणी खारे तर आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. प्रवाळाला ते पाणी जाळून टाकील. स्वयंपाकाचे मीठ तर जवळजवळ शुद्ध सोडियम क्लोराइड. त्यात मॅग्नेशियम नाही, कॅल्शियम नाही, आणि गठ्ठा होऊ नये म्हणून घातलेली पूड मात्र आहे. तेव्हा मत्स्यालयासाठी बनवलेले कृत्रिम समुद्री मीठच घ्यावे लागते. पहिल्या भरणीला साडेतीन ते चार किलो आणि पुढे आठवड्याला दहा टक्के पाणी बदलण्यासाठी महिन्याला दीड किलोच्या आसपास मीठ लागते. पावसाळ्यात पोते उघडे राहिले की ते ओल धरते व दगडासारखे होते. म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात.

गोड पाणी : मीठ ज्या पाण्यात विरघळवायचे ते पाणी जवळजवळ शून्य टीडीएसचे (विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण) हवे. विदर्भातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत त्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि खतांमुळे नायट्रेटही उतरलेले असते. गावातील वॉटर एटीएमचा जार पिण्यासाठी ठीक, पण त्याचा टीडीएस ठरावीक नसतो. घरच्या आरओमध्येही एक खोच आहे : पाण्याला चव यावी म्हणून बहुतेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी परत मिसळणारा ‘टीडीएस कंट्रोलर’ आणि खनिजांचे काडतूस बसवलेले असते. कंट्रोलर पूर्ण बंद करून, काडतूस वगळून, शेवटी डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची) नळी जोडली तर तेच यंत्र मत्स्यालयाला चालते. रेझिन संपले की टीडीएस मीटरवरचा आकडा शून्यावरून सरकू लागतो. शैवाल माजण्याची निम्मी कारणे त्या आकड्याकडे न पाहण्यात असतात.

पाणी साठवायची भांडी प्लास्टिकची आणि वेगळी ठेवलेली असावीत. तांब्याचा हंडा किंवा पितळी गुंड माणसाला पाण्यासाठी चांगला, पण तांबे अगदी अल्प प्रमाणातही कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांना विषारी आहे. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या झाडांना बोर्डो मलम लावतात. त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, असतो. ज्या बादलीत एकदा मोरचूद कालवले ती बादली कितीही घासली तरी या कामाला वापरू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचे औषध देतात तेही वेगळ्या टबात, प्रवाळाच्या टाकीत कधीच नाही. कपाशीच्या फवारणीतील पायरेथ्रॉइड कीटकनाशके आणि डासांच्या कॉइल-लिक्विडमधील त्याच कुळातील रसायने मासे व कोळंबी दोघांनाही मारतात. फवारणीचा पंप ज्या खोलीत ठेवतात तिथे टाकी नको, आणि फवारून आलेला हात कोपरापर्यंत साबणाने धुतल्याशिवाय पाण्यात नको.

उष्णता, बाष्पीभवन आणि ऋतू : प्रवाळाला २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा दोनएक अंशांनी वर जाऊन आठवडाभर तिथेच राहिले, तर प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतो व पांढरा पडतो. चंद्रपूर, वर्धा, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे ऐकूनच बाहेरचे लोक हा नाद सोडायला सांगतात. पण कोरडी उष्णता वाटते तेवढी घातक नाही. ४४ अंशांच्या हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी तत्त्वतः २३-२४ अंशांपर्यंत थंड करता येते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेते. म्हणजे १०० लिटरच्या टाकीतून पावशेरापेक्षाही कमी, जेमतेम १७५ मिलि. पाणी उडाले की तापमान एक अंशाने उतरते. बाहेरून उष्णता येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात बरेच जास्त पाणी उडवावे लागते, पण पाण्यावर तिरका सोडलेला एक छोटा पंखा नवतपाही निभावून नेतो. वाळ्याच्या ताटीचा कूलर याच तत्त्वावर चालतो. टाकी कूलरच्याच खोलीत असेल तर हवा आधीच गार व ओलसर असते. मग पंख्याचा उपयोग कमी होतो, पण गरजही कमी.

खरा घात होतो तो मृग लागल्यावर. जूनच्या मध्यापासून हवा दमट होते आणि ३० अंशांना ८५ टक्के आर्द्रतेत तोच पंखा पाणी २८ अंशांखाली नेऊ शकत नाही. त्याच दिवसांत वादळाने तारा तुटतात आणि विजेचा फीडर बंद पडतो. मेमध्ये तगलेल्या टाक्या आभाळ भरून आल्यावर जातात ते यामुळे. पावसाळ्यापूर्वी दिव्यांचा वेळ दोन तासांनी कमी करणे, खाद्य घटवणे आणि बर्फाचे पाणी भरलेल्या बंद बाटल्या तयार ठेवणे एवढे तरी करावेच. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) असेल तर हाच त्याचा हंगाम. ऑक्टोबरच्या उकाड्यातही पुन्हा लक्ष लागते. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा १०० वॅटचा हीटर हवा.

जागा निवडताना पत्र्याची खोली टाळावी. जाड मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर किंवा कवेलूच्या घरातील माजघर दिवसा कित्येक अंश गार राहते. भरलेल्या टाकीचे वजन दीड क्विंटलच्या घरात जाते, म्हणून सारवलेल्या जमिनीवर स्टँडच्या पायांखाली शहाबादी फरशी घालतात.

उडणारे पाणी गोडच असते. मीठ मागे राहते. हे तत्त्व नवख्याला पाठ असते आणि तरीही तो कमी झालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी ओततो. उन्हाळ्यात दिवसाला चार लिटर उडाले तर क्षारता ३५ वरून ३६.५ वर जाते. दोन दिवस भर घातली नाही तर ३८ वर. भर नेहमी शून्य टीडीएसच्या गोड पाण्याची, आणि शक्यतो थोडी थोडी. कूलरच्या टाकीला असतो तसला फ्लोट, पण पूर्ण प्लास्टिकचा, वरच्या डब्याला जोडला की हे काम आपोआप होते. तो क्षाराने अडकतो, म्हणून दर पंधरवड्याला व्हिनेगरमध्ये बुडवून काढावा.

वीज : दिवे बंद पडले तर चार दिवस काही बिघडत नाही. पाण्याचे फिरणे थांबले तर काही तासांतच मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, कारण गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी २० वॅटचा पंप व वेव्हमेकर (टाकीत प्रवाह उठवणारा पंखा) दिवसभर सहज चालवते. चिलरला ती काही तासांतच बसते. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त प्रवाह ठेवावा, बाकी सारे मीटरच्या लाइनवर. सेलवर चालणारा हवेचा पंप हा स्वस्त व सर्वात उपयोगी विमा आहे.

चुना आणि अल्कता : कठीण प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून सांगाडा बांधतो. अल्कता (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच (ती मोजण्याचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिग्रॅ. प्रति लिटर एवढे राखायचे असते. यासाठी सर्वात जुना व साधा उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड गोड पाण्यात ढवळून रात्रभर ठेवले की वर स्वच्छ पाणी राहते. एका लिटरमध्ये दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळते, बाकी तळाशी बसते. तळ न ढवळता हे पाणी रात्री, दिवे विझल्यावर, सलाइनच्या नळीने थेंब थेंब सोडतात. पृष्ठभागावर बर्फाच्या पापुद्र्यासारखी साय धरली तर ती हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे; ती टाकीत जाऊ देऊ नये. खर्र्याच्या किंवा पानाच्या डबीतला चुना यासाठी चालत नाही, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

एक लिटर संपृक्त निवळी १०० लिटर पाण्याची अल्कता सुमारे १.१ डीकेएचने वाढवते. इथेच विदर्भातील ऋतू आड येतो. किनाऱ्यावरचे छंदिष्ट उडालेल्या पाण्याची सगळी भर निवळीनेच करतात. तिथे बाष्पीभवन वर्षभर थोडेफार सारखे असते. इथे मेमध्ये चार लिटर निवळी गेली तर एका दिवसात अल्कता साडेचारने उसळेल, आणि ऑगस्टमध्ये जेमतेम पाणी उडत असताना प्रवाळ उपाशी राहील. निवळीची मात्रा बाष्पीभवनाला न बांधता चाचणीच्या आकड्याला बांधावी. उरलेली भर साध्या पाण्याने. मऊ प्रवाळांच्या टाकीत तर आठवड्याचे पाणी बदलणेच बहुधा पुरते.

जीव आणि कायदा : भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळ, काळा प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून उचलून आणलेला ‘जिवंत खडक’ही त्यामुळे अडचणीत आणतो. सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्टांतील विदेशी प्रजाती बाळगणाऱ्याला २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी करावी लागते, आणि जगभरचे कठीण प्रवाळ त्या परिशिष्टांत आहेत. कोरडा खडक घेऊन त्यावर जिवाणू वाढू देणे हाच सरळ मार्ग. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासा सोडू नये. माशांत टाकीतच जन्मलेली क्लाउनफिशची जोडी सर्वात योग्य. तिच्या प्रजननाचे तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. जोडीतील मोठी ती मादी. ती मेली तर नर मादी होतो. हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलाने आणलेला मासा त्याच्या नोकरीपर्यंत घरात असू शकतो. बटनासारखे दिसणारे झोअँथिड मऊ प्रवाळ काटक व स्वस्त असतात, पण त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. ते चिकटलेला खडक उकळत्या पाण्यात टाकू नये, आणि कापताना हातमोजे व चष्मा घालावा.

दीर्घकाळची निगा : पहिले वर्ष उत्साहात जाते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी टाकी न सांगता बिघडते : वाळूत साचलेला गाळ, खडकाने शोषलेले फॉस्फेट, आरओचा थकलेला पडदा, पंपात धरलेले क्षाराचे पुट आणि एलईडीच्या काचेवरची धूळ. यांपैकी एकही गोष्ट एकटी पुरेशी नसते. पंप दर तीन महिन्यांनी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात चालवून धुवावा. वाळूचा एकेक भाग पाणी बदलताना नळीने ओढून घ्यावा. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजणारे उपकरण) ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तपासावा, साध्या पाण्याच्या शून्यावर विसंबू नये. जिनिंग सुरू झाल्यावर किंवा मळणीच्या दिवसांत घरात येणारी तूस पाण्यावर तवंग धरते. स्किमरचा कप त्या आठवड्यांत रोज काढावा लागतो.

पेरणी, वेचणी आणि लग्नसराईत घरचे माणूस दिवसभर बाहेर असते. शेजाऱ्याच्या हाती खाद्याचा डबा देऊन गेलेल्याची टाकी परत आल्यावर गढूळ असते, कारण पाहुण्याला उपाशी ठेवू नये हा आपला संस्कार माशालाही लागू होतो. रोजच्या खाद्याच्या वेगळ्या पुड्या बांधून, त्यावर वार लिहून डबा कुलपात ठेवावा. दोन दिवस काही घातले नाही तरी क्लाउनफिशला काही होत नाही.